सत्तर पावलं

१४ डिसेंबर, रविवार

शाळेत धावणाऱ्या मुलांची सराव वही मी बावीस वर्षं ठेवतो आहे. रोजची वेळ, रोजची चूक, रोजची सुधारणा. लिहिल्याशिवाय सुधारणा दिसत नाही, असं मी मुलांना सांगतो. आजपासून तशीच वही तांबूसाठी.

सकाळी तांबूने भरतच्या कुत्र्याला धरलं. भरत माझा चुलतभाऊ, त्याचं घर आमच्या भिंतीला लागून. त्याचा पांढरा पामेरियन फाटकाखालून आमच्या अंगणात शिरला, एवढंच निमित्त. तांबू गुरगुरला, पाठीवरचे केस उभे राहिले, आणि मी हाक मारेपर्यंत सगळं झालेलं होतं. पामेरियनला अकरा टाके पडले. अर्धा कान गेला. चार महिन्यांतलं हे तिसरं कुत्रं.

भरत संध्याकाळी आला, पण बसला नाही.

"दादा, आमी होळीपर्यंत थांबू," तो म्हणाला. "तवर त्याला सुधर, नायतर गावातना काढ. मंग मना बोलू नको."

आमच्या विचुंबे गावात आता इमारतीच जास्त, भाडेकरूच जास्त. पण शब्द अजून जुन्या घरांचाच चालतो. भरत बोलला म्हणजे गाव बोललं.

तांबू प्राजक्ताचा, माझ्या मुलीचा. चार वर्षांपूर्वी कर्नाळ्याच्या उतारावर हायवेच्या कडेला तिला सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता. माणसांवर जीव टाकतो. माझी बायको कुमुद भाजी निवडत बसली की तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडतो. फक्त दुसरं कुत्रं दिसलं की तो तांबू राहत नाही.

होळीला अकरा आठवडे आहेत. मी अकरा आठवड्यांत जिल्हा स्पर्धेला मुलं नेली आहेत.

१८ डिसेंबर

नीलेश आला. कुत्र्यांना शिकवतो, कामोठ्याचा. आधी एका सिक्युरिटी एजन्सीची कुत्री सांभाळायचा. बोलणं कमी, हात स्थिर. मला आवडला.

"सर, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "याला वाटतं घरात हाच मोठा. मालक कोण ते एकदा कळलं की गाडी रुळावर येते."

त्याने तांबूच्या गळ्यात साखळीचा पट्टा घातला. ओढला की आवळतो, सोडला की सैल. मग बाहेर नेलं. नाक्यावरची दोन कुत्री दिसताच तांबू गुरगुरला. नीलेशने हिसका दिला. तांबूचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. परत गुरगुरला, परत हिसका. सातव्या वेळी तो नुसता बघत राहिला. वीस मिनिटांत.

प्राजक्ता फाटकातून बघत होती. आत निघून गेली.

२० डिसेंबर

प्राजक्ताने स्वतःहून एक बाई आणली. वल्लरी मॅडम. जुन्या पनवेलला राहतात, जनावरांच्या डॉक्टर आहेत, पण आता फक्त अशीच बिघडलेली कुत्री बघतात. आल्या आणि अंगणात पायरीवर बसल्या. चाळीस मिनिटं. तांबूला हातसुद्धा लावला नाही. चाळीस मिनिटांनी तांबूच त्यांच्याजवळ जाऊन बसला.

मग आम्ही गाढी नदीच्या काठी गेलो. त्यांची म्हातारी कुत्री, बिजली, त्यांनी लांब झाडाखाली बांधून ठेवली होती. तांबूला घेऊन त्या एकेक पाऊल पुढे जात होत्या आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे देत होत्या. एका जागी तांबूने तुकडा घेतला नाही. अंग ताठ झालं. मॅडम लगेच मागे फिरल्या.

"सत्तर पावलं," त्या म्हणाल्या. "सत्तर पावलांवर तो दुसरं कुत्रं बघूनही खाऊ शकतो. म्हणजे तिथे त्याला भीती आवरता येते. आपण तिथून सुरुवात करायची. त्याने कुत्रं बघायचं आणि आपणहून मान वळवून आपल्याकडे बघायचं. बघितलं की चिकन. ओरडायचं नाही, ओढायचं नाही."

"भीती?" मी विचारलं. "मॅडम, हा हल्ला करतो."

"सर, घाबरलेला जीव आणखी काय करणार?"

किती दिवस लागतील, विचारलं. म्हणाल्या, महिने. कदाचित थोडं अंतर कायमच ठेवावं लागेल.

मी त्यांना चहा पाजला आणि नंतर कळवतो म्हणालो. गल्ली दहा पावलांची. सत्तर पावलं कुठून आणू?

३ जानेवारी

नीलेशसोबत चौदा सत्रं झाली. नोंदी:

गुरगुरणं पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या आठवड्यात पाच. काल एक. आज शून्य.

खाणं कमी झालंय. पुढचा पंजा चाटून चाटून लाल केलाय. नीलेशच्या मोटरसायकलचा आवाज आला की उभ्या जागी मुततो. नीलेश म्हणाला, मान द्यायला शिकलाय.

कुमुद म्हणाली, "घाबरलाय त्यो." मी म्हटलं, शिस्त आणि भीती सुरुवातीला सारखीच दिसतात. मुलांचंही तसंच असतं.

११ जानेवारी

प्राजक्ताने आठवडाभर वाद घातला. मग काल मी स्पष्ट सांगितलं, या घरात दोन पद्धती चालणार नाहीत, माझी चालेल. तेव्हापासून ती बोललेली नाही. जेवते, भांडी घासते, खोलीत जाते. चला, रोजचं भांडण तरी थांबलं. घरात शांतता आहे.

१९ जानेवारी

आज उरण नाक्याच्या मच्छीबाजारातून तांबूला नेलं. दोन्ही बाजूंना कुत्री. एकदाही गुरगुरला नाही. शेपूट नाही, कान नाही, काही हललं नाही. लाकडाचा केल्यासारखा चालला. नीलेशने माझ्याशी हात मिळवला.

मला मात्र तिथे चालताना घाम फुटला. का ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायचं कारण नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

शुक्री आमच्याकडे अंगण झाडायला आणि मागच्या वाफ्यात खुरपायला येते. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाडी आहे, तिथली. सहा वर्षं येते. तिच्यामागे तिची कुत्री खारी येते, भुऱ्या रंगाची, बारकी, आणि शुक्रीचं काम संपेपर्यंत फाटकाबाहेर जांभळाच्या सावलीत बसून राहते.

आज भरत आला होता. मी त्याला म्हटलं, बघ, सुधारलाय. त्याला दाखवायला तांबूची साखळी मी हातात सैल धरली आणि फाटक उघडलं. मीच उघडलं.

तांबू गुरगुरला नाही. दात दाखवले नाहीत. केस उभे राहिले नाहीत. शांतपणे चालत गेला, जसा मच्छीबाजारात चालला होता तसाच, आणि त्याने खारीची मान धरली. खारी उठलीसुद्धा नव्हती. तिला कळायला काही नव्हतंच.

मी साखळी ओढली. जितकी आवळली तितका त्याचा जबडा आवळत गेला. मी लाथा मारल्या. भरतने काठी घातली. शेवटी कुमुदने आतून पाण्याची बादली आणून त्याच्या तोंडावर ओतली, तेव्हा सुटला. खारी गेली होती.

शुक्री खुरपं हातात घेऊन वाफ्यातून आली. ओरडली नाही. पोत्यात गुंडाळली तिने खारीला. म्हणाली, "दादा, दोन पिल्लां हायत तिची, झोपडीत. आजून दूध पितात."

मी विचारलं, मी काय देऊ तुला.

"काय देशील," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

पोतं डोक्यावर घेऊन गेली.

२८ जानेवारी

शुक्री आली नाही.

नीलेशला फोन केला. म्हणाला, "सर, शंभरात एखादा असाच निघतो. माल खराब असेल तर मी काय करणार?" परत केला तेव्हा उचलला नाही.

तांबू मागच्या पडवीत बांधलेला आहे. माझ्या लाथांनी त्याची एक फासळी दुखावली आहे. मी जवळ गेलो की भिंतीला चिकटतो. तरी गुरगुरत नाही.

१ फेब्रुवारी

वल्लरी मॅडम आल्या. प्राजक्तानेच बोलावलं. मला वाटलं, टोचून बोलतील. त्यांनी फक्त वही मागितली, ही वही, आणि ३ जानेवारीचं पान वाचलं. मग मिटली.

"गुरगुरणं ही त्याची बोली होती, सर," त्या म्हणाल्या. "तो सांगत होता, मला हे सोसत नाही, लांब व्हा. आपण त्याची बोली बंद केली. सोसत नाही ते नाहीच. आता तो सांगणार नाही, सरळ करेल."

मी म्हटलं, माझ्या जागी तुम्ही असता तर? गाव आहे, भाऊबंद आहेत, मुदत आहे.

"मुदत तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर अजूनही आहे. पण त्या गेल्यावर मी प्राजक्ताला म्हणालो, तुझ्या पद्धतीने कर. तिने मान हलवली. बोलली नाहीच.

३ फेब्रुवारी

लोखंडी जाळीचं मुसकं आणलं. ते घातल्याशिवाय तांबू अंगणाबाहेर जाणार नाही, ही पहिली अट. साखळी काढली, छातीचा पट्टा घातला.

नदीकाठी पुन्हा मोजलं. डिसेंबरात सत्तर पावलांवर खात होता. आज एकशे वीस.

मुसक्यातून चिकनचा तुकडा देताना प्राजक्ताचा हात बघत होतो. बोटं जाळीत घालते, न घाबरता.

८ फेब्रुवारी

एकशे दहा. बिजली झाडाखाली झोपलेली. तांबू तिच्याकडे बघतो, बघतच राहतो. प्राजक्ता काही म्हणत नाही, थांबते. पूर्वी हे थांबणं मला वेळ घालवणं वाटायचं. आज घड्याळ बघितलं, फक्त अकरा सेकंद. मग त्याने मान वळवली.

आज लिहूनच टाकतो. तांबू वर्षाचा असताना मी त्याला मच्छीबाजारात घेऊन गेलो होतो. पाच कुत्री आली. घरी मी सांगितलं की मी काठी शोधायला गेलो आणि परत येईपर्यंत त्यांनी त्याला फाडलं होतं. मी काठी शोधायला गेलो नव्हतो. मी दोरी सोडली आणि बर्फाच्या दुकानात शिरलो. काचेतून बघत होतो. मला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणापासून. क्रीडाशिक्षकाने हे कुणाला सांगायचं?

त्यानंतरच तो असा झाला.

१३ फेब्रुवारी

शुक्रीच्या वाडीवर गेलो. झोपडीला दार लावलेलं. शेजारची म्हातारी म्हणाली, नवरा-बायको भट्टीवर गेली, विटांच्या. पिल्लांचं विचारलं. एक मेलं, एक नेलं.

परत येताना सुकापूरच्या रस्त्यावर गाडी थांबवून बसलो होतो. का थांबवली, आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज प्राजक्ताला ताप होता, म्हणून तांबूला मी घेऊन गेलो. एकटा. वल्लरी मॅडम लांब बिजलीपाशी उभ्या.

नव्वद पावलं. तांबूने बिजलीला बघितलं. मी काही बोललो नाही. बोलावं, ओढावं असं हाताला फार वाटत होतं. मग त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

चार वर्षांत या कुत्र्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. विचारत होता. मी तुकडा दिला. त्याने घेतला, परत बिजलीकडे बघितलं, परत माझ्याकडे.

नऊ वेळा.

घरी आल्यावर कुमुदला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "तुमचा आवाज किती हलू झालाय आज."

२२ फेब्रुवारी

ऐंशीवर होतो. पुलाखालून मोकाट कुत्र्यांची टोळी आली, सात-आठ, सरळ अंगावर. प्राजक्ता मध्ये उभी राहिली, मॅडमनी चिकनची सगळी पिशवी त्यांच्या दिशेने उधळली. कुणाला लागलं नाही. पण तांबू पट्ट्यात इतका उसळला की मुसक्याच्या जाळीने नाक सोलून निघालं.

परत एकशे वीस.

"असं होतं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा मागे जाऊ, पुन्हा येऊ."

त्या हे इतक्या सहज म्हणतात. होळी नऊ दिवसांवर आहे.

२६ फेब्रुवारी

आज सत्तर. या वेळी चारच दिवस लागले.

प्राजक्ता नाचायचीच बाकी होती. दीड महिन्यात पहिल्यांदा ती माझ्याशी आपणहून बोलली. "पप्पा, सत्तर. आपण सत्तरवर आलो."

मी हिशेब केला. डिसेंबरात सत्तर होते. आज फेब्रुवारी संपत आला आणि सत्तर. एक कुत्री मेली, एक पिल्लू मेलं, आणि आम्ही होतो तिथेच. मी तिला हे बोललो नाही. इथे लिहितो.

२७ फेब्रुवारी

देवळात बैठक झाली. होळीच्या मैदानासाठी परातीतल्या रंगापासून ढोलांपर्यंत सगळं ठरलं, आणि शेवटी माझा विषय. कुणी वाईट बोललं नाही. भरत म्हणाला, "दादा, आमी सांगितला होता. मैदानात पोरा असतील, त्यांची कुत्री असतील." मी सांगायला लागलो, मुसकं आहे, सत्तर पावलं… लोक हसले. वाईट हसले नाहीत. पण हसले.

घरी आलो तर कुमुद पडवीत उभी. भिंतीवरून कुणीतरी बटाटेवडा टाकला होता. फोडून बघितला तर आत निळसर पूड. तांबूच्या दोन हात अंतरावर पडला होता. प्राजक्ताने फिरवून आणल्यावर मुसकं अजून काढलं नव्हतं, म्हणून वाचला.

वडा मी खड्डा करून गाडला. कुणी टाकला ते विचारायला गेलो नाही.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, कर्जतला एकांतातली वाडी असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याशी बोलते, पंधरा दिवस घरात सांभाळा. मग मी प्राण्यांच्या तीन आश्रमांना विचारलं. दोन म्हणाले जागा नाही. तिसरे म्हणाले ठेवू, पण आमच्याकडे चाळीस कुत्री एकत्र असतात.

२८ फेब्रुवारी

प्राजक्ता पुण्याला गेली. एका हॉस्पिटलात नर्सची मुलाखत आणि चार दिवसांचं काम बघणं. जाताना तांबूच्या कपाळाला कपाळ लावून बसली. मला म्हणाली, "रोज फक्त पाच मिनिटं, पप्पा. पुढे नेऊ नका. सत्तरवरच थांबा."

१ मार्च, रविवार

तांबूला करंजाला सोडून आलो.

विचार करूनच केलं. इथे राहिला असता तर विषाने गेला असता. करंजाच्या बंदरावर मासळीचा लिलाव असतो, वाळवण असतं, टाकाऊ मासळीचे ढीग असतात. उपाशी राहणार नाही. माणसं चांगली आहेत, दर्यावरची. मोकळी हवा. गळ्यात पट्टा अडकून अपाय व्हायला नको म्हणून पट्टा काढला. मुसकंही काढलं, नाहीतर खाणार कसा?

दुपारचे दोन वाजले होते. बोटी लागलेल्या. तो गाडीतून उतरला आणि माझ्या शेजारी बसला. मी जाळ्यांकडे बोट दाखवलं, जा म्हटलं. बसूनच राहिला. लांब धक्क्यावर दोन कुत्री होती. त्याने बघितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तुकडा नव्हता. मी आणलेच नव्हते.

गाडी सुरू केली तेव्हा बर्फाच्या कारखान्यापर्यंत मागे धावत आला.

कुमुदला सांगितलं, कर्जतच्या वाडीवर दिला. ती म्हणाली, "येवढ्या लवकर?" मी म्हटलं, हो.

२ मार्च

शाळा. दहावीच्या परीक्षेची बैठक व्यवस्था. मुलं गोंगाट करत होती, मी ओरडलो नाही.

भरतने पोळीचं आमंत्रण दिलं. गेलो. पामेरियन माझ्या पायाशी आला.

३ मार्च

होळी होती. मी सकाळीच करंजाला गेलो, कुणाला न सांगता. चिकन उकडून घेतलं होतं. धक्का, जाळी वाळवायची जागा, बर्फाचा कारखाना, मागची खाजणं, सगळीकडे फिरलो. हाका मारल्या. कोळणी बघत होत्या. दिसला नाही. दुपारी परत आलो.

मैदानात होळी पेटली तेव्हा सगळे होते. मी मागे उभा होतो. कुमुदने माझ्या शर्टाचा वास घेतला आणि काही विचारलं नाही.

४ मार्च

प्राजक्ता दुपारी आली. नोकरी मिळाली. पडवीत गेली, परत आली. मी तेच सांगितलं, कर्जत. तिने मॅडमना फोन लावला. मी समोर बसलो होतो. मॅडमचा आवाज मला ऐकू येत होता: त्या गृहस्थांनी अजून होय म्हटलेलं नाही.

तिने फोन ठेवला.

मी सांगितलं. सगळं, बर्फाच्या कारखान्यापर्यंत. मला वाटलं होतं ती किंचाळेल. मी त्याची तयारी केली होती.

"कुठल्या धक्क्यावर?" तिने विचारलं.

५, ६, ७ मार्च

रोज गेलो. रजा टाकली. प्राजक्ता फोटो दाखवत फिरते. गाडीत बोलत नाही. मोराच्या जेट्टीपर्यंत बघून आलो. एक खलाशी म्हणाला, असा होता. दुसरा म्हणाला, असे पन्नास असतात.

८ मार्च, रविवार

सुकी मासळी निवडणारी एक बाई भेटली, भामाबाई. फोटो बघून तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"हा तांबरा? हा व्हता. त्या शेडच्या कोनाला बसलेला असायचा, लांब, एकटा. कुनाच्या आंगावर गेला नाय. आमची कुत्री दिसली का त्यांच्याकडं बघायचा, मंग मान वळवून मानसांकडं बघायचा. जो जवल आसल त्याच्याकडं. मना वाटला भुका हाय, बोंबील टाकला. खाल्ला नाय. परत तसाच. कुत्र्याकडं, मंग माझ्याकडं. मना कलला नाय त्याला काय पायजे."

प्राजक्ताने तोंडावर हात धरला होता.

मी विचारलं, मग.

"होलीच्या दिवशी दुपारचं, सा-सात कुत्री आली. ह्यानं आवाज केला नाय. पोरांनी दगड मारलं, पन कुनाला लागतात, कुनाला नाय." तिने सूप परत उचललं. "रातच्या भरतीनं नेला."

होळीच्या दिवशी दुपारी. मी दीड वाजता तिथून निघालो होतो.

प्राजक्ता वाळूत बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, ती बाजूला झाली. रागाने नाही. माझा हात येतोय हे दिसलं आणि तिने जागा केली, इतकंच.

१४ मार्च

प्राजक्ता पुण्याला गेली. बसपर्यंत कुमुद गेली. मला नको म्हणाली.

वल्लरी मॅडमना पत्र लिहायला घेतलं. तीन वेळा. त्यांची पद्धत बरोबर होती, असं लिहिलं आणि फाडलं. बरोबर होती म्हणूनच तो शेडच्या कोपऱ्यात बसून राहिला. लढला असता तर? मला कळत नाही. नीलेशची साखळी होती तेव्हाही त्याने कुणाकडे बघायचं ते मीच ठरवलं आणि नंतरही मीच. पण मी काय वेगळं करायला हवं होतं? विष टाकणारा मी नव्हतो. दोन्ही पद्धतींना मी संधी दिली होती. वेळ कमी पडला.

२२ मार्च, रविवार

शुक्रीची भट्टी शोधून काढली. पनवेलपासून फार लांब नाही, नदीच्या वरच्या अंगाला. काय सांगायला गेलो होतो ते नक्की ठरवलं नव्हतं.

ती आणि तिचा नवरा पांडू ओल्या विटा पाडत होते. साच्यातून वीट जमिनीवर, परत माती, परत वीट. भुऱ्या रंगाचं पिल्लू मातीच्या ढिगावर उन्हात पसरलं होतं. पांडूने मान हलवली. शुक्रीने बघितलं आणि काम चालू ठेवलं.

मी म्हटलं, "शुक्री, तांबू गेला."

"मेला?"

"हो. कुत्र्यांनी मारला. करंजाला."

तो तिथे कसा पोचला ते तिने विचारलं नाही. दोन विटा झाल्या. मग म्हणाली, "पुरलास काय त्याला?"

"नाही. सापडलाच नाही."

"आमी खारीला पुरली," ती म्हणाली. "पांडूनं कंबरेयेवढा खड्डा केला. वर काटं टाकलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून."

तिची विटांची रांग माझ्या पायांपर्यंत आली होती. मी तिथेच उभा होतो, बराच वेळ असेन, कारण तिला शेवटी हातातला साचा थांबवावा लागला.

"दादा, जरा सरक," ती म्हणाली. "तुजी सावली पडते. विटा सुकायच्या नाय."

मी सरकलो.